बीपीची गोळी तिरंदाजाला का चालत नाही? उत्तेजकांचा वाद, बुलढाण्यापासून समजून घेऊ

मे २०२३. चीनमधल्या शांघायमध्ये तिरंदाजी विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड प्रकाराची अंतिम लढत सुरू होती. एका बाजूला नेदरलँड्सचा माइक श्लोसर, जागतिक क्रमवारीत पहिला, टोपणनाव 'मिस्टर परफेक्ट'. दुसऱ्या बाजूला बुलढाण्याचा १९ वर्षांचा प्रथमेश जावकर. लक्ष्य ५० मीटरवर. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ८ सेंटीमीटर रुंद. प्रत्येकाला १५ बाण. प्रथमेशचे १४ बाण दहात गेले, एक नवात. १४९ विरुद्ध १४८, आणि सुवर्णपदक बुलढाण्यात आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने नागपूरचा ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा यांच्यासोबत सांघिक सुवर्णही जिंकलं.

प्रथमेशचा उल्लेख इथे फक्त खेळ समजावा म्हणून आहे, डोपिंगशी त्याचा काही संबंध नाही. पण एका गुणाने सुवर्ण ठरणाऱ्या अशा खेळात एखाद्याला फसवणूक करायचीच असेल, तर तो काय घेईल?

दंड फुगवणारं स्टेरॉइड त्याच्या फारसं उपयोगाचं नाही. त्याला हवा स्थिर हात आणि संथ चालणारं हृदय. त्यासाठीचं औषध बुलढाण्याच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, आणि कदाचित तुमच्या घरातलं कुणीतरी ते रोज सकाळी चहानंतर घेत असेल. बीटा ब्लॉकर गटातली गोळी. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल ही त्यातली नेहमीची नावं. रक्तदाब, हृदयविकार, हातांचा कंप, मायग्रेन यांसाठी डॉक्टर ती लिहून देतात.

शांत करणारं औषध 'उत्तेजक' कसं?

आपल्याकडे वर्तमानपत्रांत डोपिंगसाठी 'उत्तेजक द्रव्य सेवन' असा शब्द रुळला आहे. निम्मा गोंधळ या शब्दाने केलाय. उत्तेजक म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते जोश चढवणारं काहीतरी. बीटा ब्लॉकर बरोबर उलटं काम करतं.

दडपण आलं की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं. छाती धडधडते, हात किंचित थरथरतो. अ‍ॅड्रेनलिन ज्या जागी जाऊन हृदयाला 'पळ' म्हणून सांगतं, ती जागा हे औषध अडवून धरतं. ठोके कमी होतात, थरथर कमी होते. धावपटूसाठी हे नुकसानीचं आहे. तिरंदाज आणि नेमबाजासाठी मात्र हाच फायदा. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग-सू याने एक रौप्य आणि एक कांस्य जिंकलं होतं. चाचणीत प्रोप्रॅनोलॉल सापडलं आणि दोन्ही पदकं परत घेतली गेली.

म्हणून जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे 'वाडा', हिच्या यादीत बीटा ब्लॉकरवर ठरावीक खेळांतच बंदी आहे. गोल्फ, बिलियर्ड्स, डार्ट्स यांत ती स्पर्धेपुरती. तिरंदाजी आणि नेमबाजीत मात्र बाराही महिने, सरावाच्या काळातसुद्धा. कुस्तीगिराने हीच गोळी घेतली तर नियम मोडत नाही.

मग बंदी कशावर असते?

वाडाची स्थापना १९९९ची. एखादा पदार्थ किंवा पद्धत यादीत टाकताना ही संस्था तीन गोष्टी बघते: त्याने कामगिरी सुधारू शकते का, आरोग्याला धोका आहे का, आणि ते खेळाच्या मूळ भावनेविरुद्ध आहे का. तिन्हींपैकी दोन निकष लागू पडले तर बंदी येऊ शकते. लपवणारे पदार्थ वेगळे. दुसऱ्या औषधाच्या खुणा लघवीतून पुसून टाकणारे हे पदार्थ, स्वतः ताकद देत नसले तरी बंद.

नाशिकची लांब पल्ल्याची धावपटू संजीवनी जाधव अशाच पदार्थामुळे अडकली. जून २०१८मध्ये गुवाहाटीच्या राष्ट्रीय आंतरराज्य स्पर्धेत तिचा नमुना घेतला गेला आणि त्यात प्रोबेनेसिड सापडलं. हे खरं तर संधिवाताच्या एका प्रकारावरचं औषध. ते लपवणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. दोन वर्षांची बंदी आली आणि २०१९च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये मिळवलेलं कांस्यही गेलं. बंदी संपल्यावर ती पुन्हा ट्रॅकवर उतरली.

या सगळ्याच्या मुळाशी एक नियम आहे. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. कुणी दिलं, का दिलं, माहीत होतं की नव्हतं, हे प्रश्न नंतरचे. पोलिसात केस झाली तर गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षाची असते. इथे नमुन्यात पदार्थ सापडला की नियमभंग सिद्ध झाला. त्यानंतर 'मी मुद्दाम घेतलं नाही' हे पटवायचं, तेही बहुतेक वेळा खेळाडूनेच.

हा नियम इतका कडक का, याचं उत्तर सोपं आहे. नाहीतर प्रत्येक जण 'मला कुणीतरी खाऊ घातलं' म्हणेल. आणि हा नियम किती जड जाऊ शकतो, हे महाराष्ट्राने २०१६मध्ये बघितलं.

नरसिंग यादव: लढतीच्या आदल्या रात्रीचा निकाल

नरसिंग पंचम यादव. मुंबईत वाढलेला, दूध व्यवसाय करणाऱ्या घरातला पैलवान. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी. पुढे महाराष्ट्र पोलिसांत उपअधीक्षक. सप्टेंबर २०१५मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्य जिंकलं आणि ७४ किलो गटात भारताला रिओ ऑलिंपिकची जागा मिळवून दिली.

त्याच वजनगटात सुशील कुमार होता, दोन ऑलिंपिक पदकांचा मालक. त्याचं म्हणणं, निवड चाचणी घ्या, जो जिंकेल तो जाईल. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. ६ जून २०१६ रोजी न्यायालयाने सुशीलची याचिका फेटाळली. रिओला नरसिंग जाणार हे पक्कं झालं.

आणि १९ दिवसांनी, २५ जूनला, हरियाणातल्या सोनिपतच्या सराव केंद्रात राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे 'नाडा'ने, त्याचा नमुना घेतला. मेथँडिएनोन सापडलं. जिममधल्या भाषेत 'डी-बॉल'. हे जुनं आणि स्वस्त अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड आहे, चाचणीत सहज पकडलं जाणारं. ५ जुलैच्या दुसऱ्या नमुन्यातही त्याच्या खुणा होत्या. खोलीत सोबत राहणारा पैलवानही त्याच पदार्थात अडकला.

नरसिंगचं म्हणणं होतं की हा कट आहे, कुणीतरी त्याच्या पेयात औषध मिसळलं. १ ऑगस्टला नाडाच्या शिस्तपालन समितीने हे मान्य करून त्याला निर्दोष ठरवलं. महाराष्ट्रात लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. पैलवान रिओला पोहोचलाही.

वाडाला हा निकाल पटला नाही. तिने क्रीडा लवादाकडे अपील केलं. हा लवाद ऑलिंपिकच्या काळात स्पर्धेच्या शहरातच बसतो. १८ ऑगस्टला सुनावणी झाली. कॅनडातल्या माँट्रियलच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख क्रिस्टियान आयोट यांनी तज्ज्ञ म्हणून सांगितलं की पहिल्या नमुन्यातलं प्रमाण पेयात मिसळलेल्या भुकटीतून येईल असं नाही, ते एक-दोन गोळ्या गिळल्यावरच येईल इतकं जास्त आहे. लवादाने कटाची गोष्ट पुराव्याअभावी अमान्य केली. औषध मुद्दाम आणि एकाहून अधिक वेळा घेतल्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, असं म्हणत चार वर्षांची बंदी घातली. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, त्याची कुस्ती होती. ती झालीच नाही.

कटाच्या आरोपाचा तपास पुढे सीबीआयकडे गेला. बंदी २०२०मध्ये संपली. एप्रिल २०२४मध्ये नरसिंग भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा अध्यक्ष म्हणून निवडून आला.

या प्रकरणावर आजही तालमीत बसलेल्या दोन माणसांचं एकमत होणार नाही. एक म्हणेल, ऑलिंपिक तोंडावर आलेलं, चाचणी होणार हे माहीत असलेलं, अशा वेळी इतकं सहज पकडलं जाणारं औषध कोण घेईल? दुसरा म्हणेल, प्रयोगशाळेचा आकडा खोटं बोलत नाही. लवादाला मात्र शंभर टक्के सत्य शोधायचं नव्हतं. खेळाडूने मांडलेली गोष्ट दुसऱ्या कुठल्याही शक्यतेपेक्षा अधिक संभाव्य आहे का, एवढंच बघायचं होतं. ती तशी वाटली नाही.

पण वाद इथे संपत नाही. जानेवारी २०२१मध्ये चीनच्या २३ जलतरणपटूंच्या नमुन्यांत ट्रायमेटाझिडीन हे हृदयविकारावरचं औषध सापडलं होतं. हॉटेलच्या स्वयंपाकघरातून ते अन्नात आलं, हे चीनचं स्पष्टीकरण वाडाने मान्य केलं आणि कुणावरही बंदी आली नाही. जगाला हे कळलं एप्रिल २०२४मध्ये, पत्रकारांमुळे. टेनिसपटू यानिक सिनर २०२४मध्ये क्लोस्टेबॉल या स्टेरॉइडमध्ये सापडला. मसाज करणाऱ्याने हातावरच्या जखमेला मारलेल्या औषधी स्प्रेमधून ते आलं, हे त्याचं म्हणणं मान्य झालं आणि शेवटी वाडाशी तडजोड होऊन तीन महिन्यांची बंदी आली. सिनरच्या नमुन्यातलं प्रमाण अत्यल्प होतं आणि नरसिंगचं भरपूर, त्यामुळे दोन्ही प्रकरणं सारखी म्हणता येणार नाहीत. तरीही स्पष्टीकरण सिद्ध करायला तज्ज्ञ, प्रयोगशाळा आणि वकील लागतात. ते उभे करण्याची ऐपत प्रत्येकाकडे नसते, हे खरंच आहे.

खोकल्याचं औषध आणि आठ महिने

मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याचं प्रकरण वेगळ्या जातीचं. फेब्रुवारी २०१९मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान इंदूरला त्याचा नमुना घेतला गेला. त्यात टर्ब्युटालीन सापडलं. आपल्याकडे खोकल्याच्या कित्येक औषधांत हा घटक असतो. सर्दी-खोकला झाला म्हणून मेडिकलमधून सिरप घेतलं, असं त्याने सांगितलं. चूक अनवधानाने झाली, हे बीसीसीआयने मान्य केलं. आठ महिन्यांची बंदी लागली, तीही मागच्या तारखेपासून मोजून. ३० जुलैला घोषणा झाली तेव्हा निम्म्याहून अधिक काळ उलटून गेला होता. त्याच दिवशी विदर्भाच्या एका तरुण क्रिकेटपटूवरही कारवाई जाहीर झाली.

नरसिंगला चार वर्षं आणि पृथ्वीला आठ महिने, हा फरक का? स्टेरॉइडसारख्या पदार्थांसाठी शिक्षा चार वर्षांपासून सुरू होते, कारण ते चुकून पोटात जाण्याची शक्यता कमी मानली जाते. टर्ब्युटालीनसारखे पदार्थ रोजच्या औषधांत सापडतात, त्यामुळे तिथे शिक्षा दोन वर्षांपासून सुरू होते आणि हलगर्जी किती होती हे बघून खाली येऊ शकते. त्या वेळी बीसीसीआय नाडाच्या कक्षेत नव्हती. स्वतःच चाचणी, स्वतःच निकाल. या प्रकरणानंतर टीका झाली आणि त्याच ऑगस्टमध्ये बीसीसीआयने नाडाच्या चाचण्या मान्य केल्या.

'सगळ्यांनाच घेऊ द्या ना!'

डोपिंगची बातमी आली की खाली एक प्रतिक्रिया हमखास असते: सगळेच घेतात, मग सरळ परवानगी द्या. ही फक्त कट्ट्यावरची बडबड नाही. ज्युलियन सावुलेस्कू या तत्त्वज्ञाने दोन सहकाऱ्यांसोबत २००४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात हाच मुद्दा गंभीरपणे मांडला. त्यांचं म्हणणं, कुणी काय घेतलं याच्या मागे लागण्यापेक्षा खेळाडूचं शरीर सुरक्षित मर्यादेत आहे का ते तपासा. निसर्गाने कुणाला जास्त लाल पेशी दिल्या तर चालतं, उंच डोंगरावर सराव करून वाढवल्या तर चालतं, मग औषधाने त्याच मर्यादेपर्यंत नेल्या तर काय बिघडलं?

याची पुढची पायरी म्हणजे 'एन्हान्स्ड गेम्स'. ऑस्ट्रेलियन उद्योजक अ‍ॅरन डिसूझा याची ही कल्पना. औषधं घेऊन खेळण्याची मुभा असलेल्या या स्पर्धेसाठी मे २०२६ आणि लास वेगास अशी तारीख-जागा जाहीर झाली. १०० मीटर धावणे आणि ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याचा विश्वविक्रम मोडला तर १० लाख डॉलर, असं आमिषही.

युक्तिवाद म्हणून हे चटपटीत आहे. गडबड होते ती 'मुभा' या शब्दात. शेजारचा घेतोय आणि जिंकतोय म्हटल्यावर न घेणाऱ्याकडे मुभा उरत नाही, सक्ती उरते. पूर्व जर्मनीत तर सरकारनेच हे केलं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत हजारो खेळाडूंना, त्यात शाळकरी मुलीही होत्या, स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या गेल्या. अनेकींना या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत असं सांगितलं होतं. पुढे त्यांना यकृताचे, हृदयाचे आणि प्रजननाचे आजार भोगावे लागले. त्या देशाचे क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड यांना २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने दोषी ठरवलं.

आणि ज्या 'डॉक्टरच्या देखरेखीखाली' या शब्दांवर हा युक्तिवाद उभा आहे, ती देखरेख मेहकर किंवा मोताळ्याच्या पोराला कोण देणार? त्याच्या वाट्याला येणार जिममधला ओळखीचा दादा आणि लेबल नसलेली बाटली.

भारतात प्रमाण इतकं का?

वाडाच्या आकडेवारीत २०२३ साली भारतात ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी निघाले, म्हणजे ३.८ टक्के. २०२४ साली ७,११३ पैकी २६०, म्हणजे ३.६ टक्के. मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. चीनने २०२४ साली २४ हजारांहून जास्त नमुने तपासले, तिथे दोषी पन्नासच्याही आत. 'आपण जास्त चाचण्या घेतो म्हणून जास्त सापडतात' हा बचाव टक्केवारीपुढे टिकत नाही.

सप्टेंबर २०२३मध्ये दिल्ली राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत नाडाचे अधिकारी आल्याची कुणकुण लागली आणि पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत धावायला फक्त एक जण उरला. स्टेडियमच्या स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंज सापडल्या. हा राज्य पातळीवरचा मामला होता, ऑलिंपिकचा नाही.

कारण राज्य पातळीवरच्या पदकालाच आपल्याकडे मोठी किंमत आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. दोन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या घरासाठी मुलाचं क्रीडा प्रमाणपत्र म्हणजे पगाराची स्लिप. अशा वेळी कुणी म्हटलं की 'महिनाभर हे घे, वेळ दोन सेकंदांनी कमी होईल', तर नाही म्हणायला फक्त नीतिमत्ता पुरत नाही. पकडला गेल्यावर शिक्षा त्या पोराला होते. बाटली देणारा बहुतेक वेळा नामानिराळा राहतो. नियमांत प्रशिक्षक आणि डॉक्टरवर कारवाईची तरतूद आहे, अगदी आजीवन बंदीपर्यंत. २०२२ साली संसदेने राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदाही केला. पण बातम्यांत नाव वाचायला मिळतं ते खेळाडूचंच.

मेडिकलच्या काउंटरवर काय बघायचं?

जिल्हास्तरावर खेळणाऱ्यांच्या घरात या भागाचा सर्वांत जास्त उपयोग होईल.

चहा-कॉफीतल्या कॅफीनवर बंदी नाही, क्रिएटिनवरही नाही. दम्याचा साल्ब्युटामॉल पंप ठरावीक मात्रेपर्यंत चालतो. दुखणं चटकन थांबवायला गावोगावी दिलं जाणारं डेक्सामेथासोनचं इंजेक्शन मात्र स्पर्धेच्या काळात चालत नाही. ट्रॅमाडॉल ही तीव्र वेदनांवरची गोळी १ जानेवारी २०२४पासून स्पर्धेदरम्यान बंद आहे, त्याआधी चालत होती. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सगळ्याच खेळांत, सगळा वेळ बंद. वजन उतरवण्यासाठी पैलवान आणि बॉक्सर नेमक्या त्याच शोधतात.

प्रोटीनच्या डब्यावर 'स्टेरॉइड फ्री' लिहिलं आहे म्हणून निर्धास्त राहू नये. डब्यात न छापलेला घटक निघाला तरी जबाबदारी खेळाडूचीच. औषध तपासण्यासाठी नाडाचं 'नो युवर मेडिसिन' हे मोफत अ‍ॅप आहे. औषधाचं नाव आणि खेळ निवडला की ते चालतं की नाही हे कळतं. ब्रँड बघून भागत नाही, मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेले घटक टाकावे लागतात.

आजार खरा असेल आणि बंदी असलेलं औषधच लागत असेल, तर उपचारासाठी सवलत मागता येते. अर्ज, डॉक्टरचे कागद, तपासण्या, सगळं जोडून. मधुमेही खेळाडूला इन्सुलिन अशाच मार्गाने मिळतं. बीपीच्या गोळीवाल्या तिरंदाजाची गोष्ट अवघड आहे. सवलतीची एक अट अशी की औषधाने प्रकृती पूर्ववत होण्यापलीकडे खेळात जादा फायदा होता कामा नये. बीटा ब्लॉकर हात स्थिर करतंच, त्यामुळे तिरंदाजाला ही सवलत मिळणं फार कठीण. अशा वेळी डॉक्टरला आधीच सांगायचं की मी तिरंदाजी खेळतो. रक्तदाबावर अ‍ॅम्लोडिपीनसारखी बंदी नसलेली औषधंही आहेत. फक्त ती लघवी वाढवणाऱ्या औषधासोबत एकाच गोळीत आली नाहीत ना, हे पाकीट उलटं करून बघायचं.